केबलचा चौथा फाटा

आई गेल्यावर मी पुण्याहून परंड्याला आले ती लॅपटॉप बगलेत मारूनच. कंपनी म्हणाली, घरून काम करा. अण्णा म्हणाले, "माझ्यासाठी कशाला येतीस? मी काय लहान लेकरू हाय का?" असं म्हणणारा माणूस गॅसवर चहा ठेवून ओट्यावर पेपर वाचत बसायचा आणि पातेलं जळाल्याचा वास आधी गल्लीला यायचा.

पण आमचं इंटरनेट धड चालेना. महिन्याभरात मी साहेबांच्या मीटिंगमधून नऊदा गायब झाले. शेवटी त्यांनी गोड आवाजात सांगितलं, सोमवारी अकराच्या मीटिंगला लाइन तुटली, तर मंगळवारपासून पुण्याच्या ऑफिसात या. म्हणजे इकडं अण्णा एकटे.

केबलवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, माझ्याकडून सिग्नल फस्क्लास हाय. मोडेमच्या पानावर आकडा बघा. उणे सातच्या खाली जायला न्हाय पायजे." आमचा होता उणे सोळा. "मग घरातच कोणतरी खातंय. तारेला एक फाटा फोडला की सिग्नल निम्मा. फाटे मोजा."

रविवारी स्टूल आणि पाना घेऊन मी तारेच्या मागं लागले. पहिला फाटा बैठकीतल्या टीव्हीला. दुसरा स्वयंपाकघरात, आईच्या मालिकांसाठी. तिसरा वर पाहुण्यांच्या खोलीत, आणि तिथं टीव्हीच नव्हता.

"पाहुणे टीव्ही घिऊन आले तर?" अण्णांनी विचारलं.

मोडेम या सगळ्यांच्या शेवटी, पंगतीला उशिरा पोचलेल्या माणसासारखा. त्याच्याही आधी चौथा फाटा निघाला. त्यातली काळी तार झरोक्यातून थेट शेजारच्या घरात गेली होती. शेजारी थोरले काका, अण्णांचे सख्खे भाऊ. सहा वर्षं दोघांचं बोलणं बंद. कारण एवढंच, की काकांच्या मुलाच्या लग्नात अण्णांना आहेराचा टॉवेल मिळाला, टोपी द्यायची राहिली.

"अण्णा, हे काय?"

अण्णांनी चष्मा पुसायला घेतला. "त्याचं कनेक्शन तुटलं हुतं. म्हाताऱ्याला बातम्या लागत्यात. तुझी आई तिकडं लावून आली, केबलवाल्यानं दिलंय म्हणून सांगून. त्याला ठाव न्हाय."

"तार आपल्या भिंतीतून जाते आणि त्यांना ठाऊक नाही?"

"न्हाय." आणि मग हळूच, "ती तोडू नको."

"मग मी पुण्याला जाऊ?"

अण्णांनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला घेतला. मला त्यांचा राग आला, आणि हसूही आलं. अखेर एका तासाचा तह झाला. सोमवारी सकाळी सगळे फाटे काढून मी तार सरळ मोडेमला जोडली. आकडा आला उणे दोन. मी देवाला हात जोडले.

अकराला मीटिंग सुरू झाली. दहा मिनिटांत दारात थोरले काका! सहा वर्षांत पहिल्यांदा.

"टीव्ही बंद पडलाय," ते सरळ अण्णांना म्हणाले. "तार ढिली झाली का बघ की."

म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. अण्णांचं तोंड बघण्यासारखं झालं.

"आत ये," अण्णा म्हणाले. "पोरीची मीटिंग चाललीय. हळू बोल."

दोघंही कानानं अधू, त्यामुळं त्यांचं हळू म्हणजे चार घरं ऐकतील असं. "टोपी आणून ठिवली हुती. कपाटात हाय अजून." "मग द्यायला काय झालतं?" "तू जेवायच्या आधीच उठून गेलास!"

माझे कान तापले. मीटिंग संपताना साहेब म्हणाले, "आज सगळं स्वच्छ ऐकू आलं. टोपीचंही. राहा तिथंच."

संध्याकाळी मी दाराशीच नवा फाटा बसवला. पहिला मान मोडेमला, मग बाकीच्यांना. काकांचीही तार जोडली. पण ते बातम्या बघायला रोज आमच्याकडंच येऊ लागले. चहा तेच ठेवतात, पातेलंही सांभाळतात.

आठ-दहा दिवसांनी अण्णा माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "तुझ्या मीटिंगपायी आमाला टीव्हीचा आवाज मोठा करता येईना गं. ती पुण्याची जागा अजून हाय का, इचारून तर बघ."

मला फार वाईट वाटलं. आणि त्याहून जास्त बरं वाटलं.