खिडकीवरची पोच

दुष्काळाच्या त्या साली श्रीरामपूरच्या कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर एक आवक कारकून होते. आलेला अर्ज वहीत चढवायचा आणि शिक्का मारून पोच द्यायची, एवढंच त्यांचं काम. पॅड कायम वाळलेलं, म्हणून शिक्क्यावर आधी तोंडाची वाफ सोडायची त्यांना सवय होती.

दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाया तक्रारी घेऊन येत. पोरांना सावली नाही, प्यायला पाणी नाही. साहेबांनी तोंडी बजावलं होतं, असले अर्ज घ्या, पण वहीत चढवू नका आणि पोच देऊ नका. पोच नसली की अर्ज आलाच नव्हता म्हणता येतं. हे मात्र अर्ज वहीत चढवून प्रत्येकीच्या हातात शिक्क्याची चिठ्ठी ठेवत आणि हळूच म्हणत, "मावशी, पोच घेतल्याबिगर खिडकी सोडायची न्हाई."

साहेबांनी त्यांच्याकडे लेखी खुलासा मागितला. त्यांनी तो लिहिला, स्वतःच वहीत चढवला, शिक्का मारला आणि त्याचीही पोच खिशात घातली. मला हसू आलं, पण साहेब समोर होते, म्हणून मी मान खाली घातली. मी तसाच होतो.

आठवड्याभरात त्यांची अकोल्याला बदली झाली आणि खिडकी माझ्याकडे आली. पहिल्याच दिवशी एका बाईचा अर्ज घेऊन मी म्हणालो, "ठीक आहे, या आता."

ती हलली नाही. तिच्या मागची रांगही हलली नाही.

"पोच ऱ्हायली," ती म्हणाली.

मी साहेबांच्या दाराकडे पाहिलं. मग शिक्का उचलला आणि त्यावर वाफ सोडली.