कपाटामागचे चार फूट

गल्लीत त्यांना सगळे पट्टीवाले मामाच म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या खोल्यांना कमरेइतक्या उंचीवर नक्षीदार लाकडी पट्ट्या लावल्या. आणि स्वतःच्या घरात? ठणठणगोपाळ! थोरली बहीण टोमणे मारून दमली. "जगाच्या भिंती सजवतोस, माझ्या खोलीच्या मात्र उघड्या!" नवरा गेल्यावर ताई मामांकडे राहायला आली होती. मामांनी लग्नच केलं नव्हतं. वीस वर्षं दोघं भांडत-बिंडत मजेत राहिली.

मग ताई लेकाकडे गेली. "नातू जरा मोठा झाला की येते. फार तर दोन महिने." दोन महिन्यांचं वर्ष झालं. गेल्या महिन्यात टेम्पो येऊन तिचं कपाटही घेऊन गेला. "कपडे ठेवायला जागा नाही हो तिकडे," मामा शेजाऱ्यांना सांगायचे, "येताना आणेल परत." शेजारी बिचारे माना डोलवायचे. घर मात्र मामांना खायला उठायचं. शेवटी त्यांनी ठरवलं, तिच्या खोलीला पट्टी लावायचीच. मग बघू कशी येत नाही ती!

"साधीच देऊ ना?" दुकानदार म्हणाला. "नक्षीत धूळ बसते म्हणून तुम्हीच गिऱ्हाइकांना डोस पाजता."

"आज वेलाची दे. मुकाट्याने."

वेलाची नक्षी ताईला आवडायची. पंधरा नमुने उलटेपालटे करून मामांनी बारीक पानांची निवडली आणि खिशातला मापाचा कागद पुढे केला.

दोन दिवस मामा खपले. कोपरे असे जुळवले की मधे केस शिरू नये. शेवटच्या भिंतीशी आले आणि पट्टी संपली. चार फूट कमी! आयुष्यात कधी माप चुकलं नव्हतं. त्यांनी कागद उघडला आणि आकड्यांवरून बोट फिरवलं. कपाटामागे पट्टी दिसत नाही, म्हणून तेवढी रुंदी वजा करायची, ही धंद्यातली सवय. मामांनी नसलेलं कपाट वजा केलं होतं.

त्यांनी ताईला फोन लावला. "तुझ्या खोलीला वेलाची पट्टी लावली. चार फूट कमी पडली बघ."

"अगंबाई, खरंच लावलीस? आणि कमी कशी पडेल? तिथे कपाट येतं की रे!"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. तिकडे कुणीतरी कपाटाचं दार उघडलं. ती करकर मामांना फोनमधूनही ओळखू आली.

"आणू का अजून चार फूट?" मामांनी विचारलं. नको म्हण, कपाट घेऊन येते म्हण, असं मन आतून ओरडत होतं.

ताईने नाक ओढलं. मग म्हणाली, "आण रे. भिंत उघडी नको ठेवूस."

मामा त्याच दिवशी पट्टी घेऊन आले. लावली मात्र नाही. चार दिवस ती भिंतीला टेकून उभी होती. पाचव्या दिवशी त्यांनी हातोडी घेतली.