चार भोकं

आमच्या बाथरूमच्या दाराला आतून स्क्रूंची चार भोकं आहेत. तिथली कडी मीच काढली. आमचा निखिल एकतीस वर्षांचा. आत कडी लावून तो नशा करायचा, आणि आजारामुळे कानात माणसं बोलायला लागली की दार उघडायचाच नाही. दोनदा ते फोडावं लागलं.

कडी गेल्यापासून, आत कुणी आहे हे कळावं म्हणून आम्ही आवाज करत आंघोळ करतो. माझी बायको सुमन आरत्या म्हणते. मला गाता येत नाही, मी पाढे म्हणतो. बंद दाराआड घटकाभर एकटं असणं केवढी चैन आहे, हे ती गेल्यावर कळलं. पण ती एकट्या निखिलकडूनच काढून घ्यायची नव्हती.

परवा रंगारी ती भोकं पुट्टीने बुजवायला निघाला. "राहू देत," सुमन म्हणाली. "कडी परत तिथंच बसवायचीय." कधी, ते तिने सांगितलं नाही.

निखिल मात्र आत गप्पच असतो. मग आम्ही बाहेरून विचारतो, "आहेस ना रे?"

आज मी एकोणतिसाच्या पाढ्यात सातावर अडखळलो आणि गप्प झालो. लगेच दाराबाहेरून निखिलचा आवाज आला, "बाबा, दोनशे तीन! थांबू नका."