जोडप्याचा खाडा

माझा थोरला कल्याण दहा वर्षं ऊसतोडीत मुकादम होता. एक्याण्णव साली त्यानं नगरच्या एमआयडीसीत पत्र्याचं शेड भाड्यानं घेतलं आणि साखर कारखान्यांना लागणाऱ्या लोखंडी बैलगाड्या बनवायला लागला. माणसं आणली पाथर्डीकडची, आमच्याच टोळीतली. चार जोडपी होती, पंचाण्णवपर्यंत अकरा झाली. नवरे वेल्डिंग करायचे, बायका लोखंड घासून रंग द्यायच्या. मी सगळ्यांच्या भाकरी थापायचे. मालकाची आई म्हणून मला मानाची जागा होती, चुलीजवळ. पंखा तेवढा तिथं पोचत नव्हता.

धंदा वाढला की माणसं कशी सांभाळायची, हे कल्याणला कुणी शिकवलं नव्हतं. त्याला ठाऊक होता उसाच्या फडातला कायदा. फडात नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीच्या हिशोबाला एकच. एक आजारी पडला तरी खाडा दोघांचा, दोघांचीही दिवसाची मजुरी गेली. तोच कायदा त्यानं शेडला लावला. मी म्हणाले, "अरे, ह्याच खाड्याला आपन फडात शिव्या देत हुतो." तर म्हणतो, "आई, शिस्त नको का?"

शिस्त लागली खरी. कुणाला ताप येईना, कुणाची कंबर दुखेना. एवढी निरोगी माणसं एका जागी मी जन्मात पाहिली नव्हती. तिथंच मला शंका यायला हवी होती.

पंचाण्णवचा हंगाम लागून आठवडा झाला असेल. सकाळीच कारखान्यावरून फोन आला. आमच्या एका गाडीचा आख, म्हणजे दोन चाकांमधली दांडी, जोडातून निखळला होता. गाडी रिकामी होती म्हणून बैल वाचले. पण आमच्या चाळीस गाड्या गेल्या होत्या. बाकीच्यांतल्या कच्च्या किती, कुणाला माहीत? ऊस भरला की गाडीवर अडीच-तीन टन, आणि त्याच्यावर गाडीवानाची लेकरं.

कल्याणनं सगळ्यांना उभं केलं. "कुनाचा जोड हाय ह्यो?"

बायका नवऱ्यांकडं आणि नवरे जमिनीकडं बघायला लागले.

"सांगा, न्हाईतर सगळ्यांचा खाडा."

मग तर बायकांनी पदरच तोंडाला लावले. तव्यावर माझी भाकरी करपली.

कल्याण चुलीपाशी येऊन बसला. "आई, मी मुकादम असताना मला कुनी खरं सांगायचं का गं?"

"मीच सांगत नव्हते," मी म्हणाले, "तर दुसरे कशाला सांगतील?"

त्यानं बाहेर आलेलं जळतं लाकूड आत सारलं. मग उठून पुन्हा सगळ्यांपुढं गेला. "गाड्या द्यायची घाई मी केली. वेल्डिंगचा दुसरा थर न्हाई दिला तरी चालंल, असं माझ्याच तोंडून गेलंय. आजपास्नं खाडा बंद. मला फकस्त गाड्या सांगा."

तिकडं कुठंतरी एखादी गाडी भरत असेल, म्हणून मी तवा उतरवून पुढं येऊन उभी राहिले.

शेवटी आसारामची छबूबाई बोलली. "आन उद्या?"

"उद्या बी बंद."

"मावशी, तुमी साक्षीला हाय ना?"

"हाय की," मी म्हणाले. "बदलला तर भाकरी माझ्याच हातात हाय."

तेव्हा ती म्हणाली, "वेल्डिंगनं ह्यांचे डोळे सुजले हुते. वाळू घातल्यागत. दोन दिस दिसतच नव्हतं. मी हात धरून जोडावर ठेवत हुते. सहा गाड्या केल्या तशा. नंबर मीच रंगवलेत, एकवीस ते सव्वीस."

आसारामनं मान वर केली नाही.

कल्याणनं जीप ठरवली, आसारामला बरोबर घेतलं. कुणी नको म्हणायच्या आत मी आत जाऊन बसले. मोडलेली गाडी तेवीस नंबरची होती. चार गाड्या कारखान्याच्या तळावर उभ्या सापडल्या. सव्वीस नंबरची मात्र भरून फडातून निघाली होती. रस्ताभर दिसेल त्या गाडीचा नंबर आम्ही वाचत होतो, आणि मला तर आकडे धड दिसत नव्हते.

कॅनॉलच्या उतारालगत ती दिसली. उसावर दोन पोरी बसलेल्या. कल्याण पळत जाऊन बैलांपुढं उभा राहिला. पोरी खाली उतरेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. आसाराम गाडीखाली वाकला, बोटानं जोड चाचपला. जोडाच्या फटीत नख आत गेलं.

गाडीवान सूर्यभान खवळला. "कुनी केलंय हे?"

"मी," आसाराम म्हणाला.

"आन करायला लावलं मी," कल्याण म्हणाला.

सूर्यभान एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघू लागला. "दोघं बी कबूल झालात. आता शिवी कुनाला देऊ? उतरवा ऊस आधी."

मोळ्या उतरवायला लागलो. पाच-सहा मोळ्या झाल्या असतील, तर आसाराम थांबला.

"मालक, कालपास्नं माझा डावा डोळा पुन्ना दुखतोय."

"मग सकाळी का न्हाई..." कल्याणनं तोंड उघडलं आणि उरलेलं गिळलं. "जा, सावलीला बस. मोळ्या मी बघतो."

आसाराम बाभळीखाली जाऊन बसला. पण नीट टेकून नाही. कुणी काही म्हणतंय का म्हणून उघड्या डोळ्यानं सारखा आमच्याकडंच बघत होता.