बदल करू नका

अर्धांगाच्या झटक्याने ज्यांची वाचा जायची, त्यांना बाई पुन्हा बोलतं करायच्या. दवाखान्याच्या तळमजल्यावरच्या खोलीत पेशंटला आरशासमोर बसवून म्हणायच्या, "काका, ओठ मिटा. आता सोडा. पा. पाणी. बायकोशी भांडायला तरी शब्द हवेत की नकोत?"

पुढे त्यांनी हे धडे आपल्या आवाजात रेकॉर्ड करून इंटरनेटवर ठेवले. चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा नवरा म्हणाला, "अगं, जन्माची कमाई फुकट वाटतेस?"

"मग काय, पेटीत ठेवून गंजवू?"

मात्र प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला त्या बजावायच्या, "हक्क माझा, वापर सगळ्यांचा. घ्या, वाटा. माझं नाव राहू द्या आणि बदल करू नका."

एकदा एका ट्रक ड्रायव्हरच्या बायकोचा फोन आला. झटक्याने वाचा गेलेल्या तिच्या नवऱ्याला धड्याचा वेग झेपत नव्हता. भाच्याकडून तो संथ करून घेऊ का, एवढंच तिने विचारलं.

"नको," बाई म्हणाल्या. "आज तुम्ही हळू कराल, उद्या कुणी कात्री लावेल. सराव करा, जमेल."

"हो म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?" नवरा पुटपुटला.

"तुम्ही आपल्या काचा घासा."

वर्ष उलटलं आणि झटका बाईंनाच आला. उजवा हात गेला, वाचा गेली. कळायचं सगळं, तोंडून काही फुटायचं नाही. नवऱ्याने त्यांचाच धडा लावला. बाईंचे ओठ जुळेपर्यंत फोनमधल्या बाई तीन शब्द पुढे गेलेल्या. रोज तेच. घरात सवत शिरावी तशा बाई त्या फोनकडे बघायच्या.

शेवटी नवऱ्याने वेग कमी केला. "ब... दल... क... रू... न... का..." तो ताणलेला आवाज खोलीभर घुमला. बाईंनी डोळे मिटून घेतले. पण धडा पुढे सरकला तसे त्यांचे ओठ मिटले, सुटले.

"पा."

तो आनंदाने उठला, तर बाई रडत होत्या. डाव्या हाताने फोन ओढून त्यांनी नंबर चाळले आणि ड्रायव्हरच्या बायकोच्या नावावर बोट ठेवलं.

"हळू करून घे म्हणून सांगू तिला?"

बाईंनी मान डोलावली. त्याने नंबर लावून स्पीकर सुरू केला.

"ताई, बाईंची परवानगी आहे. हवा तसा बदल करा."

"राहू द्या आता, दादा. यांनी बोलायचं सोडलं. रोज बसायचे, रोज मागे पडायचे. एके दिवशी फोन उशीखाली सारला, तो सारलाच. खुणा करतात, भागतं आमचं." ती थांबली. "बाईंना बोल नाही हो. आमचाच सराव कमी पडला. त्या आहेत का जवळ? द्या ना, चार शब्द बोलते."

नवऱ्याने बाईंकडे पाहिलं. त्यांनी फोन तोंडाशी ओढला.

"पा," त्या म्हणाल्या. "पा."

"हॅलो? कोण बोलतंय? अहो दादा, बाईंना द्या ना फोन."