पाठवायचे बाकी

कुरखेड्याला आमच्या सर्वेक्षणाचं तांत्रिक काम माझ्याकडे आहे. तांत्रिक म्हणजे काय, तर घरोघर फिरून माहिती भरणाऱ्या बायांच्या मोबाईलमधला कॅशे, म्हणजे ब्राउझरने साठवलेली जुनी पानं, दिवसभर साफ करायची. आमचा फॉर्म ब्राउझरमध्येच उघडतो आणि नेट नसलं तरी जंगलातल्या गावात भरता येतो. भरलेली माहिती मोबाईलमध्ये पडून राहते, रेंज मिळाली की पाठवायची. पण वरून एखादा प्रश्न बदलला, तरी ब्राउझर हट्टाने जुनाच फॉर्म दाखवत बसतो. मग सगळ्या माझ्याकडे येतात.

येतात त्याही बाजाराच्या दिवशी. भाजी, सुकी मच्छी घेऊन झाली की पिशवी पायाशी ठेवून रांगेत बसतात. आधी बाकी फॉर्म पाठवा, मगच साफ करा, आणि साफ करताना ‘साइट डेटा’वर खूण करू नका, भरलेले फॉर्म त्यातच असतात, असा कागद मीच भिंतीवर चिकटवला आहे. सांगून सांगून तोंड दुखतं.

त्या दिवशी माझं डोकं उठलं होतं. आतल्या गावांत फिरणाऱ्या एका बाईने जुनाच फॉर्म दिसतो म्हणून मोबाईल दिला. मी काही न विचारता कॅशे आणि साइट डेटा, दोन्हींवर खुणा केल्या आणि सगळं पुसून टाकलं. नवा फॉर्म उघडून मोबाईल परत दिला. तिने फॉर्मच्या खाली बघितलं. ‘पाठवायचे बाकी’च्या पुढे शून्य होतं.

‘‘चौतीस घरं होते. पोहचले न भाऊ?’’

मी कॉम्प्युटरवर तपासलं. सर्व्हरवर त्यातलं एकही घर नव्हतं. मी खरं ते सांगितलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. पुन्हा फिरीन, एवढंच म्हणाली आणि पिशवी उचलली. तिची नऊ दिवसांची पायपीट मी दोन खुणांत घालवली होती. लाज वाटली, म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी गाडी घेऊन तिच्यासोबत गेलो.

लोकांनी थट्टा केली, मागची उत्तरं उंदरानं खाल्ली का म्हणाले, पण सांगितलं. एका घरी म्हातारी सुपात तांदूळ निवडत होती. घरात वर्षभरात कोणी वारलं का, असा प्रश्न आला. बाईने तो अगदी हळू विचारला. म्हातारीचा हात थांबला.

‘‘एक डाव सांगतलं न बाई, पोरगा गेला म्हणून. आता अजून कितीदा मारू त्याले?’’

तो प्रश्न सोडून फॉर्म पुढे सरकत नाही. बाईने मोबाईल खाली ठेवला, म्हातारीच्या सुपातले थोडे खडे वेचून दिले आणि आम्ही बाहेर पडलो.

बांधावर बसून ती फॉर्म भरायला लागली. बाकीची घरं तिला आठवत नव्हती, म्हणून तर पुन्हा फिरत होतो. हे घर आठवत होतं. पोराचं नाव, वय, ताप किती दिवस होता, कुठे नेलं होतं, सगळं न अडखळता भरलं. शेवटच्या रकान्यावर ती थांबली.

‘‘माहिती कोणं देली, काय लिहू भाऊ?’’

मी म्हटलं, आई लिहा.