भाऊंच्या खुणांची वही

कपड्यावर खूण घालायची भाऊंची पद्धत त्यांची स्वतःची होती. दुसऱ्या लाँड्रीत कपडा टाकला की नंबराची चिठ्ठी अडकवतात, पावती देतात. भाऊ पावतीच्या भानगडीत पडत नसत. कॉलरच्या आत, पँटच्या पट्टीला, पडद्याच्या काठाला लाल दोऱ्याचे दोन-चार टाके घालायचे आणि कपडा गठ्ठ्यात टाकायचा. कुठला टाका कुणाचा, ते त्यांच्या डोक्यात. तीस वर्षांत एकाचा शर्ट दुसऱ्याच्या अंगावर गेला नाही.

लाँड्री म्हणजे गल्लीच्या तोंडाशी एक अरुंद, लांबट खोली. पुढे काउंटर, मध्ये इस्त्रीचं टेबल, दोन्ही बाजूंना कपड्यांची फडताळं, आणि पार मागे, जिथे धुण्याची दोन मशीनं धडधडत, तिथे खिडकीखाली त्यांच्या बायकोची खुर्ची. सगळी गल्ली तिला वहिनी म्हणे. उसवलेली शिवण, तुटलेलं बटण, फाटलेलं अस्तर हे वहिनींचं खातं. काउंटरवर त्या क्वचितच यायच्या. "माणसं मी सांभाळतो, भोकं तू सांभाळ," असं भाऊ म्हणायचे आणि स्वतःच्याच विनोदावर खुदकन हसायचे.

वहिनींनी एकदा विषय काढला होता. शेजारच्या टपरीतले चावीवाले मामा पाय मोडून दोन महिने घरी पडले होते, त्याच सुमारास.

"अहो, तुमच्या त्या खुणा एका वहीत लिहून ठेवा ना. उद्या तुम्हीच चार दिवस अंथरुणाला खिळलात तर मी काय करू?"

"सगळं डोक्यात आहे माझ्या."

"म्हणूनच तर म्हणते."

"डोकं काय मी कुठे विसरून येतो?"

झालं. वहिनी पुन्हा सुईकडे वळल्या. आपण तेव्हा वही आणून पुढ्यात ठेवली असती, रोज जेवताना दोन-दोन खुणा विचारून घेतल्या असत्या तर, हे पुढे कितीदा तरी त्यांच्या मनात येऊन गेलं.

ती वेळ आली एका मंगळवारी दुपारी. मशीनं थांबली होती, आणि त्या शांततेत पुढे काहीतरी धप्पकन पडलं. वहिनी येऊन बघतात तो भाऊ टेबलाच्या पायाशी पडलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि इस्त्री कुणाच्या तरी पांढऱ्या शर्टावर तशीच टेकलेली. आपण आधी नवऱ्याकडे धावलो की इस्त्रीकडे, हे त्यांना नंतर कितीही आठवलं तरी आठवेना. आरडाओरडा ऐकून चावीवाले मामा आले, त्यांनीच गाडी आणली.

दवाखान्यात एक बाई अर्ज भरून घेत होती. "रक्तदाबाची गोळी चालू आहे का? कुठली?"

"गुलाबी," वहिनी म्हणाल्या. "लहान आहे. गुलाबी."

बाईचं पेन क्षणभर थांबलं. मग ती पुढच्या रकान्याकडे वळली. वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बत्तीस वर्षांचा संसार, आणि नवऱ्याच्या गोळीचं नाव ठाऊक नाही.

दुकानाची किल्ली भाऊंच्या पँटच्या खिशात होती, आणि ती पँट कात्रीने कापून कुठल्याशा पिशवीत गेली होती. इकडे मामांनी शटर ओढून स्वतःच्या टपरीतलं एक नवं कुलूप लावून टाकलं. अकरा दिवस ते कुलूप निघालं नाही. लोक यायचे, शटर बघायचे, मामांना विचारून परत जायचे.

भाऊ वाचले. पण उजवा हात गेला, आणि वाचा गेली. अगदीच गेली असंही नाही. एकच शब्द उरला: "पाणी." भूक लागली तरी पाणी, उशी सरकली तरी पाणी, वहिनी दिसल्या तरी पाणी.

बाराव्या दिवशी वहिनींनी दुकान उघडलं. फडताळांवर अडीचशेच्या वर कपडे होते. त्यांनी एकेक कॉलर उलटून बघायला सुरुवात केली. फुल्या, तिरक्या रेघा, टिंबं, एखादं कोयरीसारखं वळण. अनोळखी लिपीतलं पुस्तक हातात पडावं, तसं झालं. जे आपला कपडा ओळखून घेऊन गेले, त्यांचं सुटलं. पण पांढरे शर्ट सगळे सारखे, आणि चादरी तर त्याहून सारख्या.

त्या दिवशी संध्याकाळच्या आत बँकेतले एक कारकून आले. त्यांना धुवायला टाकलेला थंडीचा काळा कोट हवा होता. सकाळी वडील गेले होते.

काळे कोट तीन निघाले, तिन्ही एकाच मापाचे वाटणारे. कारकुनांनी एक घातला, काढला, दुसरा घातला. दुसरा अंगाला बसला, पण खिशाकडे बघून ते म्हणाले, "हा माझा नाही वाटत." तिसराही तसाच बसला.

"यातला कुठलाही न्या," वहिनी म्हणाल्या. "मग बघू."

"नको वहिनी. दुसऱ्याचा कोट घालून बापाला कसं पोचवू?"

ते नुसत्या शर्टावर निघून गेले. बाहेर बोचरी थंडी होती. वहिनी तिन्ही कोट मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या दवाखान्यात जाताना एका पिशवीत कपडे घेऊन जाऊ लागल्या. खूण भाऊंच्या डोळ्यांपुढे धरायची आणि विचारायचं, "कुणाचं?" भाऊ म्हणायचे, "पाणी." ते चुकीचं आहे हे त्यांनाही कळायचं, आणि डोळे भरून यायचे. मग वहिनींनी युक्ती केली. गिऱ्हाइकांची नावं त्या स्वतःच घ्यायच्या. बरोबर आलं की भाऊ डाव्या हाताने त्यांचा हात दाबायचे.

"पोस्टमन? शाळेतल्या बाई? दूधवाला?"

दाबला नाही, दाबला नाही, दाबला.

अशी एकेक खूण वहीत उतरत गेली आणि वहिनींना त्यातली मेख कळू लागली. एक टाका लांब, एक आखूड, म्हणजे लंगडत चालणारे पोस्टमन. कॉलरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत थांबतच नाही अशी धावदोऱ्याची ओळ, म्हणजे कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली नर्स, जिच्या तोंडाला कुलूप म्हणून नसे. जेमतेम एक टाका, तोही तोकडा, म्हणजे हातून दमडी न सुटणारे घरमालक. ते कळल्यावर वहिनी हसल्या, आणि भाऊही चेहऱ्याच्या अर्ध्या बाजूने हसले. सगळ्यांशी गोड बोलणारा हा माणूस तीस वर्षं लोकांच्या कॉलरीमागे त्यांच्याबद्दलचं खरं मत शिवून ठेवत होता.

कारकुनांचा कोट सापडला. वहिनी तो घेऊन त्यांच्या घरी गेल्या. "ठेवा त्या खुर्चीवर," ते म्हणाले. रागावले नव्हते. दमलेले होते.

सहा आठवड्यांत एकशे त्रेचाळीस खुणा झाल्या. त्रेचाळिसाव्या दिवशी सकाळी वहिनी पिशवी घेऊन गेल्या तेव्हा पलंगाभोवती पडदा ओढलेला होता. दुसरा झटका पहाटे आला होता. परिचारिकेने त्यांना बाकावर बसवलं. पिशवीत पाच कपडे होते, न विचारलेले. ते कुणाचे होते हे पुढे कधीच कळलं नाही.

भाऊंची थोरली बहीण त्यांच्या दिवसकार्याला आली. वहिनी तिला वन्सं म्हणत, पण गेली आठ वर्षं म्हणण्याची वेळच आली नव्हती, कुठल्याशा क्षुल्लक गोष्टीवरून बोलणं बंद होतं. वन्सं आल्या त्या राहिल्याच. पंधरवड्याने म्हणाल्या, "मला काहीतरी काम दे बाई. रिकामी बसले की तो दिसतो."

वहिनींनी त्यांना काउंटरवर बसवलं. आणि मग, कुणी मागे लागल्यासारखं, सगळं लिहून काढलं. पावतीपुस्तक आणलं, प्रत्येक कपड्याला नंबर आला. फडताळाच्या दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला: मशीन बिघडलं तर कुणाला बोलवायचं, डाग काढायचं औषध कुठे ठेवायचं आणि विस्तवापासून किती लांब, डॉक्टर कोण, दोघींच्या गोळ्यांची नावं काय. दुसरी किल्ली मामांच्या टपरीत गेली. दर सोमवारी वहिनी मुद्दाम घरी राहू लागल्या. वन्संनी एकट्यांनी दुकान चालवायचं, अडलं तर वही बघायची, तरीही अडलं तरच फोन करायचा.

वन्संना हे आवडेना. "काय गं, मरायच्या तयारीला लागलीस की काय?"

"नाही वन्सं. आजारी पडायच्या."

आणि तिसऱ्या वर्षी त्या आजारी पडल्याच. पित्ताशयाचं ऑपरेशन, त्यात जखम चिघळली, पाच आठवडे गेले. अर्ज भरताना त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढून दिला. गोळ्यांची नावं त्यावर होती. लिहून घेणाऱ्या माणसाने वर न बघता कागद परत केला.

दुकान एक दिवसही बंद राहिलं नाही.

त्या परत आल्या त्या दिवशी वन्सं काउंटरवर होत्या, मशीनं चालू होती, दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यातल्या एकाने मान वळवून बघितलं. "वहिनी, बऱ्याच दिवसांत मागून पुढे आला नाहीत?" एवढंच. त्याला काही कळलंच नव्हतं.

हेच तर हवं होतं. यासाठीच तीन वर्षं जिवाचा आटापिटा केला होता. तरी वहिनींना ते लागलं. भाऊ पडले तेव्हा अडीचशे कपडे अडले होते, सगळी गल्ली खोळंबली होती.

गिऱ्हाइकं गेल्यावर वन्संनी चहा केला. वहिनी कप हातात धरून बसल्या, प्यायल्या नाहीत.

"दुखतंय का कुठे?"

"नाही." कपातल्या चहाकडे बघत त्या म्हणाल्या, "सहा आठवडे होते, वन्सं, माझ्याकडे. रोज जायचे मी. आणि रोज त्यांना काय दाखवलं, तर परक्यांच्या कॉलरी. हा कुणाचा, तो कुणाचा. तुम्हाला काय हवंय, भीती वाटतेय का, माझ्यावर काही राग आहे का, हे एकदाही नाही विचारलं. हात दाबला असता त्यांनी. आधीच लिहून ठेवलेलं असतं ना, तर ते सहा आठवडे आमचे असते."

वन्संनी वहिनींच्या हातातला निवलेला कप काढून घेतला आणि चहा पुन्हा गरम करायला ठेवला. तेवढ्यात कुणीतरी पडद्यांचा गठ्ठा काउंटरवर आणून टाकला. वन्संचे हात गुंतलेले होते. वहिनी पोटावर हात धरून सावकाश उठल्या, पावतीपुस्तक ओढलं आणि विचारलं, "किती पडदे आहेत?"